मंजूर खुर्ची

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

करडवाडी, जि. लातूर
दि. ३ एप्रिल २०२४

राजमान्य राजश्री निवृत्तीराव यांस मडिवाळप्पाचा शरणु शरणार्थ.

तुमचा निरोप चि. मल्लेशच्या फोनवर आला. तो त्याने मला मोठ्याने ऐकविला, त्यामुळे शेजारच्या घरांनीही ऐकला. त्याचे उत्तर फोनवर देण्याजोगे नाही. फोनवर बोललेल्या शब्दाला माणूस बांधील राहत नाही. म्हणून लिहीत आहे.

मतदान अवश्य करावे, असा तुमचा आग्रह आहे. या वेळी मी मतदान करणार नाही, व माझ्या घरातील अन्य कोणीही करणार नाही. कारण ऐकावे.

दुष्काळ, शाळा, दवाखाना हे मोठे प्रश्न या सरकारांकडून सुटतील, ही आशा मी लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्याच वर्षी सोडली. त्यानंतर मी त्यांना मोठा प्रश्न घातलाच नाही. एक अगदी लहान प्रश्न घातला. एका बाईला तिच्या घराच्या उंबऱ्याबाहेर काढून दाखवा.

सौ. शिवकांतेस अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ती खाटेवर आहे, हे तुम्ही जाणता. तिची थोरली बहीण गौरम्मा याच गावात, खालच्या गल्लीत राहते. तिचे खुब्याचे हाड मोडल्याने तीही घराबाहेर पडू शकत नाही. तिच्या बोळात रिक्षा शिरत नाही. चार माणसांनी शिवकांतेस खाटेसह उचलून न्यावे म्हटले, तर ती ठाम नकार देते. म्हणते, "जित्तेपणी मला खांद्यावर घेऊ नका." दोघी बहिणी दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून एकमेकींची ख्यालीखुशाली तिसऱ्याच्या तोंडून ऐकतात.

म्हणून मी चाकाच्या खुर्चीसाठी रीतसर अर्ज केला. शिवकांतेस टेम्पोत निजवून लातूरला नेले आणि दाखला आणला. मग साहित्य वाटपाचे शिबिर झाले. मांडवाखाली पुढारी बसले होते, अपंग माणसे उन्हात. तिच्या पायांची लांबी मोजली, पाठीची रुंदी मोजली, आणि खुर्ची मंजूर झाल्याचे सांगितले. पुढे कळले की खुर्ची आली आहे, परंतु वाटप समारंभपूर्वक व्हावयाचे असून समारंभास साहेबांची तारीख मिळत नाही. आता कळले की आचारसंहिता लागली, सबब वाटप बंद. म्हणजे निवडणूक आहे म्हणून खुर्ची देता येत नाही, आणि निवडणूक आहे म्हणून आम्ही मात्र मत द्यावयाचे.

ही कचेरी कोणती, ते लिहीत नाही. कोणतीही समजावी. पूर्वी अर्ज घेऊन येणाऱ्यास हाकलून देत. आता पावती देऊन बसवून ठेवतात. हाकललेला माणूस निदान घरी तरी जात असे.

कळावे.
मडिवाळप्पा


नांदेड
११ एप्रिल २०२४

प्रिय अप्पा,

सप्रेम जयभीम. भेटलो की अरे-तुरे आणि पत्रात 'राजमान्य राजश्री'! हे तू चौथीत शिकलास आणि तिथेच थांबलास. मी तुला पत्रातही 'तू'च म्हणणार.

वहिनींचे वाचून वाईट वाटले. पण अप्पा, ही खुर्ची काही कोहिनूर नव्हे. इथे वजिराबादच्या बाजारात दुकानांत टांगलेल्या असतात. तू हो म्हणालास की मी घेतो आणि एसटीच्या पार्सलने अहमदपूरला पाठवतो. मल्लेशला स्थानकावर पाठव म्हणजे झाले. तू मात्र लिहिशील की जी वस्तू आपल्या नावावर मंजूर आहे ती विकत का घ्यायची. तुझा स्वाभिमान चालतो-फिरतो, वहिनी खाटेवर आहेत. एवढा फरक ध्यानात ठेव.

मतदानाबद्दल माझे म्हणणे वेगळे आहे. मी आयुष्य महसूल खात्यात कारकुनी करण्यात घालवले. सरकार आतून किती सडके असते ते तुझ्यापेक्षा मी जवळून पाहिले आहे. वास अजून नाकात आहे. तरीही सव्वीस तारखेला मी सकाळीच रांगेत उभा राहणार. बावन्न सालची रांग तुला आठवते का? आपण दोघे चिंचेवर चढून बघत होतो. चावडीसमोर एकच रांग होती. त्या रांगेत माझी आई पुढे आणि तुझे आजोबा तिच्या मागे. त्यांनी अंगाला अंग लागू नये म्हणून धोतराचा सोगा पोटाशी धरला होता, पण रांग सोडली नाही. सोडता येत नव्हती. तोपर्यंत आपल्या गावात माझ्या आईला कोणत्याच रांगेत पुढचा नंबर मिळाला नव्हता. विहिरीवर तर रांगेतच घेत नव्हते.

तू म्हणतोस, हे सरकार एका बाईला उंबऱ्याबाहेर काढू शकत नाही. कबूल. पण एका बाईला आत घेतले ते त्यानेच.

तुमच्याकडे मतदान सात मेला आहे, त्या दिवशी वहिनींना केंद्रावर नेण्याची काही सोय होते का, ते मी बघतो. माझ्या हाताखाली शिकलेला एक जण निवडणुकीच्या कामात आहे. तू फक्त तेव्हा दार लावून बसू नकोस.

तुझा,
निवृत्ती


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

करडवाडी
दि. ७ मे २०२४, सायंकाळ

राजमान्य राजश्री निवृत्तीराव यांस शरणु शरणार्थ.

तुमच्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाला, कारण लिहिण्याजोगे काही नव्हते. आज आहे.

काल दिवेलागणीस शाळेचे रविकिरण मास्तर चाकाची खुर्ची ढकलीत माझ्या दारी आले. खुर्ची कोरी होती. हातांवरचे प्लॅस्टिकही काढलेले नव्हते. म्हणाले, "अप्पा, आजीसाठी आलीया. वरून फोन होता. सकाळी तयार ठेवा त्यांना."

मी त्यांना दारातच विचारले, "साहेबांची तारीख मिळाली काय?" मास्तर हसले. त्यांना आणखी घरे करावयाची होती. ते निघून गेले.

दोन वर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या तेव्हा जी वस्तू हलली नाही, ती मी मतदान करणार नाही असे चारचौघांत सांगताच एका संध्याकाळी दारात आली. यावरून या लोकांना विनंती कळत नाही, धाक कळतो, हे सिद्ध होते. तथापि वस्तू आली हे खरे, आणि आलेली वस्तू आली नाही असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. खुर्चीच्या पाठीस विभूतीचे पट्टे ओढले, नारळ फोडला, आणि सकाळी शिवकांतेस तीत बसविले.

तुम्ही तिला पाहावयास हवे होते. उंबरा ओलांडताच तिने पदर सावरला आणि नव्या सुनेसारखी दोन्हीकडे पाहू लागली. चौकात आल्यावर म्हणाली, "हितला लिंब कुठं गेला वो?"

मल्लेश म्हणाला, "तोडून साल झालं की, आई."

"मला कामून सांगितलं न्हाई?"

मल्लेश खुर्ची पुढे ढकलू लागला. खाटेवरच्या माणसास कोण काय सांगते?

शाळेच्या दारात सिमेंटचा नवा उतार बांधला होता. वर्गांतून पंखे फिरत होते. थंड पाण्याचे पिंप होते. त्या शाळेत मुले पावसाळ्यात छत्री उघडून बसतात. असो. शिवकांतेस रांगेत न थांबविता आत घेतले. शाई लावलेले बोट वर करून तिचे छायाचित्र काढले. मीही मत दिले. सरपंच शिवप्रसाद तोंडात पान धरून म्हणाला, "काय अप्पा, बहिष्कार कुठं ठेवला? घरी ठेवून आलाव का?" ज्याच्या घरात नळ आहे व नळाला पाणीही आहे, अशा गावातील एकुलत्या एका माणसाशी मी वाद घालीत नाही.

परतताना शिवकांता म्हणाली, "आता तसंच अक्काकडं चला." परंतु ऊन फार चढले होते, आणि तिला सोसले नसते. मी म्हणालो, "उद्या सकाळी थंडाव्याने जाऊ. खुर्ची आता आपली आहे." तिने मान डोलावली. मात्र बोळाचे तोंड दिसेनासे होईपर्यंत ती मागे वळून पाहत होती.

दुपारी पेंटर सत्यम यास बोलावून खुर्चीच्या पाठीवर 'सौ. शिवकांता मडिवाळप्पा' अशी अक्षरे घालून घेतली. रंग अद्याप ओला आहे. उद्या गौरम्माकडे न्यावयाचे म्हणून तिने सुनेकडून धपाटे करवून घेतले आहेत.

या एका बाबतीत तुमचे सरकार नापास झाले नाही, एवढे मी लिहून देतो.

मडिवाळप्पा


नांदेड
१३ मे २०२४

अप्पा,

तुझे पत्र आज मिळाले.

आता नीट ऐक. ती खुर्ची तुझी मंजूर झालेली नव्हे. तो मीच फोन करायला लावला होता. मतदान केंद्रासाठी खुर्च्या येतात. त्यांतली एक आदल्या दिवशी घरी पोचवा, वहिनींना त्रास नको, असे मी सांगितले. त्या मतदानापुरत्या असतात आणि दुसऱ्या दिवशी परत जातात. मला वाटले, मास्तर तुला हे सांगतील. मास्तरांना वाटले असेल, हे सर्वांना ठाऊकच असते. खात्यात आम्हाला तसेच वाटते.

मी तुला आधी कळवायला हवे होते. कळवले असते तर तू दार उघडले नसतेस, म्हणून गप्प राहिलो.

हे पत्र पोचेपर्यंत काय झाले असेल ते मला दिसते आहे. तरी लिही.

निवृत्ती


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

करडवाडी
दि. २२ मे २०२४

श्री. निवृत्तीराव यांस.

लिही म्हणालात म्हणून लिहितो.

आठ तारखेस सकाळी शिवकांता न्हाऊन, केस विंचरून, मांडीवर धपाट्यांचा डबा घेऊन खुर्चीत बसली होती. मी जोडे घालीत होतो. इतक्यात दारासमोर ट्रक थांबला. ट्रकमध्ये शाळेचे पंखे होते, नळ्यांचे दिवे होते, पाण्याचे पिंप होते आणि चाकाच्या खुर्च्या एकीवर एक रचलेल्या होत्या. एक तरुण खाली उतरून म्हणाला, "हितं एक खुर्ची हाय ना?"

मी म्हणालो, "आहे. मंजूर आहे."

"मंजूर कसली, काका? बूथची हाय ती. माल जमा करून राहिलो आम्ही."

मी त्यास अर्ज, दाखला, पावती, शिबिर हे सारे क्रमाने सांगितले. त्याने ऐकून घेतले, कारण मागे ट्रक वळवीत होते. मग त्याचे लक्ष खुर्चीच्या पाठीकडे गेले. "हे नाव कोनं घातलं? सरकारी मालावर? माझ्या अंगावर येतंय ना हे!" त्याने मल्लेशकडून रॉकेलचा बोळा फिरवून घेतला. शिवकांता खुर्चीत बसलेली असताना तिच्या पाठीमागे तिचे नाव पुसले जात होते. विभूतीही गेली.

ती मला म्हणाली, "त्यांची हाय तर देऊन टाका वो. कामून हुज्जत घालता?" आणि त्या तरुणाला म्हणाली, "बाबा, मला बोळापत्तूर तरी सोडतूस का? तितून मी अक्काला हाक मारते, मग घेऊन जा."

तो वाईट माणूस नव्हता. त्याने चालकाकडे पाहिले. चालकाने भोंगा वाजविला. तो म्हणाला, "आजी, अजून लई गावं राहिलीत."

मल्लेशने तिला उचलून खाटेवर ठेवले. ट्रक गेला. शाळेचा उतार तेवढा राहिला, तो उचलून नेता येत नाही म्हणून. पहिल्या वळवाच्या सरीत तोही फुटला.

आता माझा निष्कर्ष ऐकावा. मी समजत होतो की या सरकारला काही करताच येत नाही. ती माझी चूक होती. त्याला एका रात्रीत उतार बांधता येतो. अंधाऱ्या वर्गात उजेड पाडता येतो. ज्या खुर्चीस दोन वर्षे तारीख मिळाली नाही, तशीच खुर्ची एका फोनवर घरपोच धाडता येते. त्याला सर्व काही येते. आणि ते सर्व ते सकाळी सात ते सायंकाळी सहा या वेळेतच करते, व दुसऱ्या दिवशी मोजून परत नेते. न येणाऱ्याची मनुष्य कीव करतो. येत असून न करणाऱ्यास काय म्हणावे, तो शब्द मला चौथीपर्यंत शिकविला गेला नाही.

तुमच्या मातोश्री रांगेत पुढे उभ्या राहिल्या, याचा मला आदर आहे. परंतु निवृत्तीराव, ती रांग तेव्हापासून तेथेच उभी आहे. पुढचा-मागचा नंबर बदलला, खिडकी उघडलेली नाही.

तुम्हीही आमचे एक मत नेण्यासाठीच खुर्ची धाडलीत. मला न सांगता. त्या ट्रकवाल्यात व तुमच्यात मी फार अंतर मानीत नाही.

मडिवाळप्पा


नांदेड
२४ जून २०२४

अप्पा,

तुझे शेवटचे वाक्य मी गिळले. कडू होते, पण माझेच होते.

मागच्या आठवड्यात मी एसटीने निघालो आणि तू जिचे नाव लिहीत नाहीस त्या कचेरीत गेलो. तुला कळवले नाही. आचारसंहिता उठली होती, निकाल लागले होते, हारतुरे झाले होते. मी म्हणालो, आता अडचण काय? तिथले साहेब माझ्या नातवाच्या वयाचे. बसायला खुर्ची दिली, चहा दिला. मी जुना खात्याचा माणूस म्हटल्यावर मोकळेपणाने बोलले.

"काका, तुम्हाला माहितीच आहे. वाटप साहेबांच्या हस्ते."

"कोणत्या साहेबांच्या?"

"तेच तर ठरंना. जुने म्हणतात, मंजुरी आमच्या काळातली. नवे म्हणतात, वाटप आमच्या काळातलं. दोघांनाही बोलवावं तर दोघं एका मांडवात बसत नाहीत."

मी गुदाम पाहायला मागितले. त्यांनी शिपायाला किल्ली दिली. अप्पा, तिथे भिंतीला टेकून खुर्च्याच खुर्च्या होत्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. उंदरांनी काहींच्या गाद्या कुरतडल्या होत्या. वहिनींच्या नावाची सापडली. मी बोटाने धूळ पुसली. शिपाई म्हणाला, "हात नका लावू काका, मोजलेल्या हायत." मी म्हणालो, ही बाई इथून तासाभराच्या वाटेवर खाटेवर पडून आहे, मी स्वतः ढकलत नेतो. तो म्हणाला, "तुमचं खरं हाय. पण माझी नोकरी जाईल."

मी बाहेर येऊन त्या कचेरीच्या पायरीवर बसलो. सगळे आयुष्य मी पायरीच्या वरच्या बाजूला होतो. खालून ती कशी दिसते ते प्रथमच पाहिले. बावन्न सालच्या रांगेविषयी मी जे लिहिले ते मागे घेत नाही. पण त्यापुढे काय लिहावे ते मला आता सुचत नाही, एवढे कबूल करतो.

नांदेडला परत आल्यावर मी खुर्ची विकत घेतली. आज अहमदपूरला पार्सलने पाठवली आहे. तिच्यावर कोणाचा हक्क नाही, कोणाची तारीख नाही. मल्लेशला पाठव आणि वहिनींना त्यांच्या अक्काकडे ने.

निवृत्ती


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

करडवाडी
दि. ३ जुलै २०२४

श्री. निवृत्तीराव यांस.

खोके अहमदपूरच्या स्थानकावर पोचले. ज्या स्थितीत आले त्याच स्थितीत, न उघडता, परत धाडले आहे. वाहतुकीचे भाडे आम्ही भरले.

जी वस्तू माझ्या पत्नीच्या नावे मंजूर होऊन गुदामात आहे, ती मी इतरांकडून घेतली, तर त्या लोकांची सुटका होते. मी त्यांची सुटका करणार नाही.

मडिवाळप्पा


नांदेड
१० सप्टेंबर २०२४

मडिवाळप्पा,

मल्लेशचा फोन आला. श्रावणात गौरम्मा गेल्या, असे कळले. वहिनींची आणि त्यांची भेट झाली नाही, तेही कळले. त्यांची अंत्ययात्रेची पालखी तुमच्या दारावरून गेली तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि त्या दिवसापासून तुझ्याशी बोलत नाहीत, हेही त्याने सांगितले. त्याला रडू आवरत नव्हते.

तुझ्या दुःखात मला आता भांडायचे नव्हते. पण तुझ्याशी खोटे बोलायची सवय मला नाही. सरकारने ती खुर्ची एकदा परत नेली. एकदा तू परत पाठवलीस. माझ्या हिशेबात दोन्ही सारख्याच.

आणखी एक. खोके परत आले, तेव्हा माझ्या सुनेने त्यावरचा पत्ता वाचून विचारले, "बाबा, तुमच्या घरची म्हणून तर नाही ना परत केली?" मी तिला रागावलो. नंतर मीच त्या विचारातून बाहेर पडू शकलो नाही. शाळेत मी ओसरीवर बसत होतो. तू आतून पाटी खिडकीत धरायचास म्हणून मला गणित आले. त्या माणसाने माझे खोके न उघडता परत करावे? कारण तुझा अहंकारच असेल. तसेच असावे, असे मनापासून वाटते. पण मला असे वाटून घ्यावे लागले, हे तुला कळावे.

निवृत्ती


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

करडवाडी
दि. २१ नोव्हेंबर २०२४

राजमान्य राजश्री निवृत्तीराव यांस शरणु शरणार्थ.

तुमच्या पत्रास इतके दिवस उत्तर दिले नाही, कारण तुमच्या सुनेच्या प्रश्नास उत्तर सापडत नव्हते. माझ्या सख्ख्या भावाने खोके धाडले असते तरी मी परत केले असते, असे लिहावयास घेतले. ते खरे आहे. परंतु ज्याला आयुष्यभर निराळे अनुभव आले त्याने ते खरे का मानावे, हे मला सांगता येईना, म्हणून कागद बाजूस ठेवला. आता ते उत्तर तसेच देतो. मानावे अथवा न मानावे.

काल विधानसभेचे मतदान झाले. शाळेत पुन्हा पंखे लागले, फुटलेल्या उताराच्या जागी लाकडी फळ्या घातल्या. गुदामातल्या खुर्च्या अद्याप गुदामातच आहेत. मी चौकशी केली. सकाळी मास्तर चाकाची खुर्ची घेऊन आले. सोबत रेणुका नावाची एक कॉलेजातील मुलगी स्वयंसेविका म्हणून होती. मी काठी घेऊन दारात उभा राहिलो आणि त्यांना सांगितले की या घरातून कोणी येणार नाही. तोच आतून आवाज आला, "मी येणार हाय. मला बसवा."

तीन महिन्यांत तिचा आवाज मी प्रथम ऐकला. तोही माझ्याशी बोललेला नव्हता.

मी खुर्चीला हात लावताच ती म्हणाली, "तुमी नगं. ही पोरगी ढकलंल." मी मागून चालू लागलो.

चौकातून शाळा सरळ आहे. मुलगी सरळ निघाली. शिवकांतेने डावा रस्ता दाखविला. "आधी हिकडं घे, माय." मुलीस वाटले, देवदर्शन असेल. गावाबाहेर आमची रुद्रभूमी आहे. गौरम्माची समाधी अजून मातीचीच आहे, तिच्यावर गवत आले आहे. शिवकांतेने खुर्ची अगदी जवळ लावून घेतली, वाकून एक एक करीत गवत उपटले, आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बहिणीशी ती काय बोलली, ते मी लिहिणार नाही. मला ऐकू येत नाही असे समजून ती बोलत होती, व मला ऐकू आले.

दुपार झाली. मुलगी चुळबुळ करू लागली. म्हणाली, "आजी, मतदान करून येऊ ना."

"तू जेवलीस का?" शिवकांतेने विचारले. मुलगी जेवली नव्हती. शिवकांतेने तिला आमच्या घरी जेवावयास धाडले. खुर्ची मात्र सोडली नाही.

ऊन कलल्यावर मास्तर मोटारसायकलवरून आले. घाबरे झाले होते. "आजी, चला ना! वरून अहवाल मागून राहिलेत, दिव्यांग किती आणले म्हणून. आपल्या गावाचं तुमचंच एक राहिलंय. फक्त एक बटण. मग पुन्हा इथंच आणून सोडतो."

ती म्हणाली, "मास्तर, अक्काला इचारून राहिले, कोनाला देऊ म्हून. तिचा जवाब आला की येते."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. ते चांगले गृहस्थ आहेत. वर्षातला निम्मा काळ ते याद्या व अहवाल करण्यात घालवितात आणि उरलेल्या काळात मुलांना शिकवितात. ते थोडा वेळ उभे राहिले, घड्याळ पाहिले, पुन्हा उभे राहिले. मग टोपी काढून समाधीस नमस्कार केला आणि निघून गेले.

मलाही मत द्यावयाचे राहिले. मला कोणी विचारावयास आले नाही. मी चालू शकतो, त्यामुळे माझा निराळा अहवाल लागत नाही. गेल्या कित्येक निवडणुकांत मी रागाने मत दिले, आशेने दिले, लाजेने दिले. काल दिले नाही, आणि राग, आशा किंवा लाज यांपैकी काहीही वाटले नाही. तुम्ही ज्या पायरीवर बसलात तेथे तुम्हालाही असेच काही वाटले असावे.

सहा वाजून गेल्यावर ती म्हणाली, "चला आता. त्यांची खुर्ची त्यांना द्यायची हाय." जेवून परतलेली मुलगी ढकलू लागली, परंतु पाणंदीत चाक रुतले. मुलीच्याने ते निघेना. शिवकांता काही म्हणाली नाही. मी मूठ धरली, तेव्हाही म्हणाली नाही. घरापर्यंत मी ढकलीत आणली.

दाराशी ट्रक उभाच होता. तिने कोणी मागण्यापूर्वीच मल्लेशला हाक मारली आणि खाटेवर निजली. मग भिंतीकडे न वळता माझ्याकडे पाहून म्हणाली, "निवृत्तीभावजींला लिहा. खुर्ची पाठवा म्हणावं. आन् तुमी सोता जाऊन आना. मल्लेशला धाडू नगा."

त्याप्रमाणे लिहीत आहे. खोके तुमच्याकडे असल्यास पाठवावे. नसल्यास दुसरे घ्यावे, व तेही तुमच्याच पैशाने घ्यावे. मी ते मोजून परत करणार नाही. अहमदपूरला कोणत्या गाडीने येईल ते कळवावे. मी स्थानकावर सकाळपासून उभा राहीन.

तुमचा,
मडिवाळप्पा